मुलाखतीचा कागद व त्याची पारख

जुना कागद हातीं आला म्हणजे आपण प्रथम काय पाहतों? कागदाची जात, शाई, अक्षराचें वळण, शिक्का, मिति, मायना; तो अस्सल कीं नक्कल; कोणीं कोणास व कोणत्या प्रसंगीं लिहिला. ही परीक्षा झाल्यावांचून मजकुराकडे वळावयाचें नाहीं, हा दंडक आपल्या संशोधकांच्या अंगीं आतां मुरलेला आहे. परंतु हाच संशोधक दप्तराच्या शोधार्थ एखाद्या वाड्यांत जातो, तेथील वृद्ध गृहस्थाशीं किंवा बाईशीं घटकाभर बोलतो, घरीं येऊन चार ओळी टिपतो, आणि पुढें आपल्या निबंधांत “सदर घराण्यांत अशी माहिती मिळाली” एवढें एक वाक्य घालून मोकळा होतो. त्या वाक्यास मिति नाहीं, मायना नाहीं, कोणीं विचारलें व काय विचारलें याचा पत्ता नाहीं. लेखी कागदास आपण जी कसोटी लावतों तिचा दशांशही या तोंडी कागदाच्या वांट्यास येत नाहीं. परिणाम दोन प्रकारचे होतात. कांहीं विद्वान् तोंडी माहिती सरसकट त्याज्य मानतात. कांहीं ती सरसकट ग्राह्य धरतात. दोघांचीही चूक एकच आहे. मुलाखत हाही एक दस्तऐवज आहे, तो दोघांनीं मिळून घडविलेला असतो, आणि म्हणून त्याचीही पारख करतां येते, ही गोष्ट दोघेही विसरतात.

(१)

समाजशास्त्रांत गुणात्मक संशोधन म्हणून जें प्रसिद्ध आहे, म्हणजे मोजदादीपेक्षां माणसांच्या अनुभवाचा अर्थ शोधणारें संशोधन, त्याचें एक प्रमुख साधन मुलाखत हें होय. तेथील अभ्यासक मुलाखतीचे स्थूलमानानें तीन वर्ग करतात. पहिल्या वर्गांत प्रश्न, त्यांचे शब्द व त्यांचा क्रम हीं सर्व आधींच ठरलेलीं असतात. दुसऱ्यांत असें कांहींच ठरलेलें नसतें. सांगणारा सांगत जातो व ऐकणारा ऐकत जातो. तिसऱ्यांत विषयांची एक यादी प्रश्नकर्त्याजवळ असते. त्या यादींतील प्रत्येक बाब त्यास प्रत्येकाजवळ काढावयाचीच असते. परंतु कोणती बाब केव्हां काढावयाची, कोणत्या शब्दांत विचारावयाचें, आणि उत्तरांतून नवी वाट फुटल्यास तिकडे किती जावयाचें, हें त्यानें प्रसंग पाहून ठरवावयाचें असतें. या तिसरीस अर्धसंरचित मुलाखत म्हणतात. आपण सोईसाठीं तिला अर्धबद्ध म्हणूं.

पहिल्या दोन वर्गांचे नमुने आपल्याच प्रांतांत आहेत. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनीं लोकांच्या समजुती, देवदेवस्की, भुतेंखेतें, सणवार यांविषयीं एक प्रश्नावली तयार करून मुंबई इलाख्यांतील शाळामास्तरांकडून तिचीं उत्तरें मागविलीं होतीं. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिक येथें त्यांचा वध झाल्यावर त्या सामग्रीवरून एन्थोवेन यांनीं गुजराथेचा भाग १९१४ सालीं व कोंकणचा भाग १९१५ सालीं छापला. संग्रह उपयुक्त आहे यांत शंका नाहीं. एकाच प्रश्नास निरनिराळ्या गांवांहून आलेलीं उत्तरें शेजारीं मांडतां येतात, हा बद्ध पद्धतीचा मोठा गुण त्यांत दिसतो. परंतु ज्या गोष्टीचा प्रश्नच नाहीं तिचें उत्तरही नाहीं. शिवाय उत्तर लिहिणारा हा गांवचा शिकलेला मास्तर. आधार म्हणून अमुक गांवचा शाळामास्तर एवढेंच नमूद असतें. ज्या कुणब्याची किंवा कोळणीची ती समजूत, तिचे शब्द मास्तरांच्या लेखणीखालीं नाहींसे झाले.

दुसऱ्या वर्गाच्या जवळचें उदाहरण वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाचें आहे. १८५७ च्या धामधुमींत जें पाहिलें तें त्यांनीं सुमारें पंचवीस वर्षांनीं चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहून काढलें. ही मुलाखत नव्हे. परंतु दुसऱ्याच्या विनंतीवरून झालेलें मोकळें आत्मकथन आहे खरें. मोकळेपणाचा सारा लाभ त्यांत आहे. झांशीच्या वेढ्यांतील हाल, लूट, वाटेवरची भीति, भिक्षुकाच्या मनांतील दक्षिणेचा हिशेब, हें कोणत्याही प्रश्नावलींतून निघालें नसतें. परंतु मोकळेपणाची हानिही त्यांत आहे. गोडसे जेथें थांबले तेथें आपणांसही थांबावें लागतें, “हें आपण स्वतः पाहिलेंत कीं ऐकलेंत?” असें मध्यें विचारणारा कोणी नाहीं. आणखी एक गोष्ट संग्राहकांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे. वैद्यांनीं १९०७ सालीं जो ग्रंथ छापला त्यावर त्यांचे संस्कार झालेले होते. मूळ हस्तलिखितावरून ग्रंथ छापला जाण्यास दत्तो वामन पोतदारांच्या १९६६ च्या आवृत्तीपर्यंत वाट पाहावी लागली. तोंडी व आठवणींच्या साधनांनाही मूळ प्रत व संस्कारित प्रत हा भेद असतो, हें यावरून दिसेल.

अर्धबद्ध पद्धतीची शास्त्रीय मांडणी अमेरिकेंत झाली. रॉबर्ट मर्टन व पॅट्रिशिया केंडल यांनीं १९४६ सालीं केंद्रित मुलाखतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. पुढें मार्जोरी फिस्के यांच्यासह त्यांनीं १९५६ सालीं त्याचें पुस्तक केलें. त्यांचा विषय आकाशवाणीच्या व चित्रपटांच्या श्रोत्या-प्रेक्षकांवर काय परिणाम होतो हा होता. इतिहासाशीं त्याचा संबंध नाहीं. तथापि चांगल्या मुलाखतीच्या ज्या कसोट्या त्यांनीं सांगितल्या त्या आपल्या कामीं जशाच्या तशा येतात. प्रश्नकर्त्यानें उत्तराची दिशा दाखवूं नये. उत्तर मोघम न राहतां नेमक्या प्रसंगापर्यंत न्यावें. विषयाचा सर्व व्याप यावा. आणि सांगणाऱ्याच्या मनाचा व परिस्थितीचा ठाव लागावा. चार कसोट्या लिहिणें सोपें आहे. त्या मोडल्या म्हणजे काय होतें, हें पाहण्यास मात्र एक खरें प्रकरण तपासलें पाहिजे.

(२)

तें प्रकरण अमेरिकेंतील माजी गुलामांच्या निवेदनांचें आहे. गुलामगिरी तेथें १८६५ सालीं कायद्यानें संपली. त्यानंतर सत्तर वर्षांनीं, आर्थिक मंदीच्या काळांत, बेकार लेखकांस काम द्यावें म्हणून सरकारनें फेडरल रायटर्स प्रोजेक्ट नांवाची योजना काढली. तिच्या द्वारें १९३६ ते १९३८ या वर्षांत सतरा संस्थानांतून, म्हणजे अमेरिकेंतील घटक राज्यांतून, हयात असलेल्या माजी गुलामांच्या मुलाखती घेण्यांत आल्या. २३०० हून अधिक निवेदनें जमलीं. १९४१ सालीं तीं सतरा खंडांत बांधून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें ठेवण्यांत आलीं. सांगणारे बहुतेक ऐंशीच्या पुढचे होते. म्हणजे गुलामगिरी त्यांनीं पाहिली ती लहानपणीं अथवा पोरवयांत.

या योजनेचे लोकसाहित्यविषयक सल्लागार जॉन लोमॅक्स यांनीं १९३७ च्या एप्रिलांत प्रश्नांची एक यादी सर्वत्र पाठविली. जन्म कोठें झाला, आईबापांचीं नांवें काय, काम कोणतें करावें लागे, जेवावयास काय मिळे, कपडे कसले, धनी व धनीण कशीं होतीं, माणसें विकलेलीं पाहिलीं काय, लिहावाचावयास कोणीं शिकविलें काय, युद्ध संपून मोकळीक मिळाली तो दिवस कसा आठवतो, अशा प्रकारचे ते प्रश्न होते. परंतु त्यांच्याबरोबर ज्या सूचना गेल्या त्या प्रश्नांहून अधिक मोलाच्या आहेत. हे प्रश्न केवळ आरंभापुरते समजावे, सांगणाऱ्यास विचार करावयास व बोलावयास लावावें, त्याचे शब्द होतां होईल तों तसेच टिपावे, आवडनिवड पाहून मजकूर गाळूं नये, कोणाचीही बाजू घेऊं नये, आणि कांहीं दिवसांनीं पुन्हां एकदां भेटावें, कारण पहिल्या भेटीनें जाग्या झालेल्या आठवणी मध्यंतरीं वर येतात. असा त्यांचा आशय होता. अर्धबद्ध मुलाखत हें नांव रूढ होण्यापूर्वींच तिचें सारें मर्म या सूचनांत आलेलें आहे. पुन्हां भेटण्याची सूचना तर आपल्याकडील प्रत्येक दप्तरशोधकानें आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

सूचना उत्तम होत्या. त्या अमलांत कशा आल्या?

दक्षिण कॅरोलिनांतील चार्ल्सटन शहरीं एक अतिवृद्ध स्त्री राहत होती. तिच्या दोन मुलाखती या संग्रहांत आहेत. एका कागदांत तिचें नांव सुसन हॅमलिन, दुसऱ्यांत सुसन हॅमिल्टन असें आहे. एक मुलाखत जेसी बटलर या गोऱ्या बाईनें घेतली, दुसरी ऑगस्टस लॅडसन या कृष्णवर्णी गृहस्थानें. पहिल्या कागदांत धनी भला माणूस होता, त्याचे आप्तही थोर होते, गुलामांस तो चांगलें वागवी, असा सूर आहे. दुसऱ्यांत त्याच घरांतील व त्याच शहरांतील फटक्यांच्या व ताटातुटीच्या हकीकती आहेत. आयांपासून तोडलेलीं मुलें, आदल्या रात्रीं लग्न होऊन दुसऱ्या सकाळीं विकली गेलेली मुलगी, आणि भर रस्त्यांत गोऱ्या धनिणीस शिव्याशाप देणारी त्या मुलीची आई, असें चित्र त्यांत आहे. दोन्ही कागद वाचणाऱ्यास प्रथम वाटतें कीं ह्या दोन निराळ्या बाया असाव्या. तसें नाहीं. बाई एक, काळ एक. बदलला तो फक्त समोर बसलेला माणूस.

याचें कारण पहिल्या कागदांतच दडलेलें आहे. ही प्रश्न विचारणारी गोरी बाई सरकारी मदतीच्या कचेरींतून आली असावी, असा त्या वृद्धेचा समज झालेला दिसतो. मंदीचे दिवस, वय शंभराच्या घरांतलें, पोट मदतीवर. अशा स्थितींत गोऱ्यांच्या शहरांत, गोऱ्या बाईपुढें, गोऱ्या धन्याची निंदा कोण करील? ती खोटें बोलली असें म्हणणेंही बरोबर नव्हे. तिनें आयुष्यभर जो व्यवहार शिकला होता तोच केला. आपल्याकडील पाटील किंवा कुळकर्णी सरकारी कामगारापुढें जी जबानी देई आणि तोच चावडीवर संध्याकाळीं जें बोले, त्या दोहोंतील अंतर ज्यानें पाहिलें आहे त्यास याचें नवल वाटणार नाहीं.

तेव्हां दुसरा कागद खरा व पहिला खोटा, असा निकाल द्यावयाचा काय? बहुतेक वाचक तसाच देतील. येथें मात्र दस्तऐवजाची पारख करणाऱ्यानें घटकाभर थांबलें पाहिजे. बटलरबाईच्या कागदांत तिचे प्रश्न दिसतात. ती उत्तर सुचविते, चांगल्या धन्यांकडे बोलणें वळविते, हें आपणांस कळतें, तें तिनें स्वतःचे प्रश्न लिहून ठेवले म्हणूनच. लॅडसनच्या कागदांत प्रश्नच नाहींत. सारा मजकूर त्या वृद्धेच्या तोंडीं प्रथमपुरुषीं सलग घातलेला आहे. त्यानें काय विचारलें, कोठें मान डोलाविली, कोणत्या गोष्टीवर “पुढें सांगा” म्हटलें, आणि लिहितांना क्रम कसा लावला, हें कळावयास मार्ग नाहीं. म्हणजे ज्या कागदाचा मजकूर अधिक विश्वसनीय वाटतो त्याची घडण झांकलेली आहे; आणि ज्याचा मजकूर संशयास्पद त्याची घडण उघडी आहे. वाईट मुलाखत प्रामाणिकपणें नोंदली गेली, चांगली मुलाखत अपुरी नोंदली गेली. संशोधकास दोन्ही पाहिजे असतात. येथें एकेका कागदांत एकेकच सांपडतें.

तरीही दुसऱ्या कागदाकडे पारडें झुकतें, तें त्याच्या आवेशामुळें नव्हे. स्त्रीपुरुषांची व मुलांची विक्री, फटके, लग्नें मोडणें या गोष्टी विक्रीचे कागद, वर्तमानपत्रांतील जाहिराती व गुलामगिरींतून पळून गेलेल्यांचीं आत्मवृत्तें या स्वतंत्र साधनांनीं सिद्ध आहेत. शिवाय सांगणाऱ्यास लाभ कोठें होता हें पाहिलें पाहिजे. धन्याची स्तुति करण्यांत तिला मदत मिळण्याची आशा होती. निंदा करण्यांत तसला कांहींच लाभ नव्हता. स्वार्थाविरुद्ध दिलेली साक्ष अधिक वजनदार, हा न्याय आपण महजरांतील साक्षींना लावतोंच. तोच येथें लावला म्हणजे झालें.

हें एकट्यादुकट्या कागदापुरतें नाहीं. मुलाखती घेणारे बहुसंख्य गोरे होते. कांहीं तर पूर्वींच्या धन्यांच्याच कुळांतले होते. जॉन ब्लॅसिंगेम यांनीं १९७५ सालीं या संग्रहावर कठोर टीका करून त्यापेक्षां गुलामांनीं स्वतः लिहिलेल्या आत्मवृत्तांस अधिक मान दिला. उलट पॉल एस्कॉट यांनीं १९७९ सालीं सर्व निवेदनांची मोजदाद करून, प्रश्नकर्ता गोरा असतां उत्तर कसें बदलतें व कृष्णवर्णी असतां कसें बदलतें, हेंच मोजून दाखविलें. आमच्या मतें एस्कॉट यांचा मार्ग अधिक फलदायी आहे. दोष आहे म्हणून साधन टाकून देण्यापेक्षां दोषाचें माप काढून साधन वापरणें हें शास्त्र होय. परंतु हें माप काढतां आलें तें कशामुळें? बहुतेक कागदांवर मुलाखत घेणाराचें नांव लिहिलेलें होतें म्हणून. तें एक नांव नसतें तर सारा संग्रह आंधळा झाला असता.

(३)

हस्तलिखितांच्या संग्राहकांस या प्रकरणाचा आणखी एक भाग रुचेल. जॉर्ज रॉविक यांनीं १९७२ पासून हीं निवेदनें छापण्यास आरंभ केला. पुढें प्रांतिक कचेऱ्यांचीं दप्तरें शोधतांना त्यांस असें आढळलें कीं, वॉशिंग्टनला गेलेल्या प्रती व प्रांतांत राहिलेल्या प्रती कित्येक ठिकाणीं जुळत नाहींत. टेक्ससमधील कागदांत तर मूळ निवेदनांतील मजकूर वरिष्ठ कचेरीस पाठविण्यापूर्वीं गाळलेला व बदललेला होता. गाळलेल्या भागांत धन्यांस अडचणीचा मजकूरही होता. १९७७ व १९७९ सालीं रॉविक यांनीं पुरवणीखंड काढून हे मूळ पाठ उजेडांत आणले.

लोमॅक्स यांची मजकूर न गाळण्याची सूचना अशा रीतीनें मुलाखतीच्या खोलींत नव्हे तर कचेरीच्या टेबलावर मोडली गेली. यावरून असें म्हणणें प्राप्त आहे कीं, मुलाखतीच्या कागदास निदान तीन अवस्था असतात. बोलणें, जागेवरचें टिपण, आणि साफ केलेली प्रत. कित्येकदां चवथीही असते, ती म्हणजे छापील पाठ. प्रत्येक पायरीवर कांहीं गळतें व कांहीं मिसळतें. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांसाठीं जन्म वेंचणाऱ्या प्रांतांत मुलाखतीचीं टिपणें छपाई होतांच रद्दींत जावीं, याहून विसंगत गोष्ट कोणती?

(४)

येथें एक आक्षेप येईल. सांगणाऱ्याची स्मृतीच चुकत असेल तर प्रश्न कितीही शुद्ध असून काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर वाटतें त्याहून निराळें आहे. इटलींतील तेर्नी या पोलादाच्या कारखान्यांच्या गांवीं लुईजी त्रास्तुल्ली नांवाचा एकवीस वर्षांचा कामगार १७ मार्च १९४९ रोजीं पोलिसांशीं झालेल्या झटापटींत मारला गेला. मिरवणूक होती इटलीनें नाटो करारांत सामील होण्याच्या विरुद्ध. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनीं पुढें तेथील वृद्ध कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हां पुष्कळांनीं ही घटना १९५३ सालची म्हणून सांगितली. त्या सालीं कारखान्यांतून दोन हजारांहून अधिक कामगारांस काढून टाकण्यांत आलें व रस्त्यांत दंगली झाल्या, त्यांत तो मेला, असें ते म्हणाले.

केवळ शकावली जमविणारा येथें म्हणेल कीं साक्षी निकामी झाल्या. पोर्तेल्ली यांनीं तसें केलें नाहीं. वर्तमानपत्रें व सरकारी कागद यांवरून खरी मिति त्यांनीं आधीं पक्की केली. मग चुकीचा शोध घेतला. नाटोविरुद्धच्या मिरवणुकींत आपला माणूस मरावा आणि आपण कांहींच करूं नये, ही बोंच त्या लोकांच्या मनांत राहिली होती. म्हणून त्यांच्या स्मृतीनें त्या मरणास चार वर्षें पुढें नेऊन अधिक मोठ्या लढ्यांत बसविलें. मितीची चूक ही त्या गांवाच्या मनाविषयींची साक्ष ठरली. मात्र दोन गोष्टी पाहाव्या. एक, लेखी पुरावा नसता तर ही चूक आहे हेंच कळलें नसतें. तेव्हां लेखी व तोंडी पुरावा हे एकमेकांचे वैरी नसून एकमेकांची पारख करणारे आहेत. दुसरी, चूक होतांच प्रश्नकर्ता “नाहीं, तें १९४९ सालीं झालें” असें म्हणता तर पुढची गोष्ट कधींच बाहेर आली नसती. चूक ऐकून गप्प बसण्याची शक्ति ही या विद्येंतील अर्धी कला आहे.

अलीकडे दुसऱ्या टोंकाचें मतही ऐकूं येतें. सांगणाऱ्यास जें वाटतें तेंच त्याचें सत्य; मग घटना घडली कीं नाहीं हें पाहण्याचें कारण नाहीं, असें कांहीं गुणात्मक संशोधक म्हणतात. तें आम्हांस मान्य नाहीं. त्रास्तुल्ली १९४९ सालीं मेला हें पक्कें ठाऊक असल्यामुळेंच १९५३ या उत्तरास अर्थ आला. घटनेचा खुंटा उपटला म्हणजे अर्थाची दोरी कशास बांधावयाची?

(५)

आतां घरची गोष्ट. सुमारें वीस वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखक एका घाटाखालच्या गांवीं एका जुन्या घराण्याचे रुमाल पाहण्यास गेला होता. घरांत ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या. रुमाल सोडतां सोडतां त्यांस विचारलें, “आजी, हें दप्तर पानिपतानंतर पुण्याहून इकडे आलें ना?” त्या म्हणाल्या, “होय हो, तसंच म्हणतात.” लेखकास हवें होतें तें मिळालें. तें त्यानें टिपलें आणि यथाकाल “घराण्यांतील वृद्धांच्या सांगण्यावरून” म्हणून छापलेंही. पुढें दोन वर्षांनीं त्याच रुमालांचीं टिपणें लावतांना शके १७५० च्या सुमाराची एक मोडी यादी निघाली. तीवरून तें दप्तर एका दत्तकाच्या तडजोडींत दुसऱ्याच एका घरांतून आलें होतें, हें निर्विवाद ठरलें. तें दुसरें घर म्हणजे त्या आजींचें माहेर.

चुकीची दुरुस्ती छापतां आली. परंतु खरी हानि ती नव्हे. “हें दप्तर तुमच्याकडे कसें आलें?” असा सरळ प्रश्न केला असता तर माहेर व सासर या दोन घरांच्या नात्याचा, दत्तकाच्या भांडणाचा व त्या कागदांच्या प्रवासाचा सारा वृत्तांत बहुधा त्यांच्या तोंडून निघाला असता. लेखक पुन्हां त्या गांवीं गेला तेव्हां आजी नव्हत्या. रुमाल होते. त्या यादींत कांहीं नांवें अशीं आहेत कीं तीं कोणाचीं हें आतां कोणीही सांगूं शकत नाहीं. उत्तर तोंडांत घालणारा प्रश्न किती महाग पडतो हें तेव्हांपासून लेखकाच्या मनांत पक्कें बसलें आहे. बटलरबाईस दोष देतांना हें स्मरण त्यास ठेवावें लागतें.

या विचाराचा उपयोग नव्या मुलाखतींपुरता नाहीं. पेशवाईंतील निवाड्यांत वादी-प्रतिवाद्यांच्या ज्या तकरिरी येतात त्या वाचतांना एकाच माणसाचें सलग कथन वाचतों असा भास होतो. परंतु तकरीर ही कोणीतरी घेतलेली व कारकुनानें लेखी भाषेंत बसविलेली असते. तिच्यामागचे प्रश्न बहुधा कागदावर नसतात, लॅडसनच्या कागदाप्रमाणेंच. ज्यानें स्वतः एक मुलाखत नीट घेऊन नीट उतरविली आहे त्यास तकरिरींतील कोणतें वाक्य आपण होऊन आलें असेल व कोणतें प्रश्नाच्या रेट्यानें आलें असेल याचा सुगावा लवकर लागतो. म्हणून ही विद्या कागदांच्या अभ्यासकास परकी नाहीं.

(६)

वरील विवेचनावरून कांहीं नियम सहज निघतात. संशोधकानें जातांना विषयांची यादी बरोबर न्यावी. दप्तर कसें आलें, कोणीं सांभाळलें, काय गेलें, कोणाशीं नातें, कोणाशीं वाद, या बाबी प्रत्येक घरीं विचाराव्या, म्हणजे दहा घरांचीं उत्तरें एकमेकांशेजारीं ठेवतां येतील. परंतु यादी हातांत धरून वाचूं नये व क्रमाचा हट्ट धरूं नये. “कसें”, “कोणीं”, “मग काय झालें” असे प्रश्न करावे, “असेंच ना?” हा प्रश्न वर्ज्य करावा. स्वतः पाहिलेलें कोणतें, ऐकलेलें कोणतें व कोणाकडून, हें प्रत्येक महत्त्वाच्या बाबीस विचारावें. आपण कोण व कशासाठीं आलों, हें आरंभींच स्पष्ट सांगावें. विशेषतः आपला जमीनजुमल्याशीं, सरकारशीं व दप्तर नेण्याशीं संबंध आहे कीं नाहीं तें. चुकीचें सांगितलें जात असेल तर मध्यें दुरुस्त करूं नये. शक्य तर दुसऱ्यांदा जावें.

कागद तयार करतांना दिवस, स्थळ, हजर असलेलीं माणसें, सांगणाऱ्याचें वय व नातें, आणि विचारणाराचें नांव मायन्याप्रमाणें वर लिहावें. प्रश्न उत्तराबरोबर लिहावे, स्वतःचे चुकलेले प्रश्नही. ध्वनिमुद्रण आतां सुलभ झालें आहे. तें सांगणाऱ्याच्या संमतीनें करावें व उतारा काढल्यावर पुसूं नये, कारण तीच अस्सल प्रत होय. जागेवरचें टिपण व साफ प्रत दोन्ही संस्थेच्या दप्तरीं ठेवावीं. ज्या गोष्टीनें सांगणाऱ्यास उपद्रव होईल ती त्याच्या इच्छेप्रमाणें झांकावी; पण झांकली आहे हें कागदावर नमूद करावें, म्हणजे पुढचा वाचक टेक्ससच्या प्रतीप्रमाणें फसणार नाहीं. आणि छापतांना “माहिती मिळाली” हें निनांवी वाक्य आपल्या नियतकालिकांनीं यापुढें स्वीकारूं नये.

रुमालांतील कागद वाळवीपासून जपला तर आणखी शंभर वर्षें वाट पाहील. ज्यांना त्यांतील नांवें ओळखतां येतात तीं माणसें तितकीं थांबत नाहींत. म्हणून वाड्यांत पाऊल टाकल्यावर रुमाल सोडण्यापूर्वीं ओसरीवर बसलेल्या वृद्धाजवळ अर्धा प्रहर बसावें, एवढीच या लेखाच्या वाचकांस विनंति आहे. वर दिलेल्या नियमांत ज्यांना न्यून दिसेल त्यांनीं तें अवश्य दाखवून द्यावें.